ताकदीच्या गोळ्या

गेल्या महिन्यात मी स्वतःच्या दंडाला बीपीचं मशीन बांधलं, ते स्वेटरवरून. पाटोद्यात एका मेडिकलच्या काउंटरवर तेवीस वर्षं उभा असलेला माणूस मी. रोज दहा जणांना सांगतो, बाही वर करा, पाठ टेका, बोलू नका. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा जाड लोकरीच्या स्वेटरवरून पट्टा आवळला, दुसऱ्या हातात चहा, आणि तोंडाने बायकोला आमच्या साडूची एक फजिती सांगणं चालू. आकडा आला एकशे अठ्ठ्याण्णव. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "संपलं. पोरांना फोन लाव."

बायको म्हणाली, "आधी त्यो स्वेटर काढा. आन् पाच मिनटं तोंड बंद ठेवा, जमलं तर."

स्वेटर काढला. तोंडही बंद ठेवलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच, असं तिचं म्हणणं. आकडा एकशे चौसष्टवर आला. म्हणजे मरत नव्हतो. पण बीपी होतंच.

हसलात ना? हसा. आमच्या घराण्यात लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की सतरंजीवर माझ्याभोवती माणसं बसतात. काका, तेवढी ती गोष्ट सांगा. मी सांगतो. कुणाची म्हैस हरवली, कोण नवरदेव हळदीच्या दिवशी झाडावर चढून बसला, सगळं. माझ्या स्वतःच्या फजित्या तर मी मीठमसाला लावून सांगतो. माणसं डोळे पुसतात हसून. लोकांना वाटतं, हा माणूस पोटात काही ठेवत नाही.

एक ठेवलंय. आज पाच वर्षं. दादाला नाही, वैनीला नाही, बायकोला नाही. देवापुढंही बोललो नाही—त्याला माहीत असेल तर असो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तोंडाने सांगायचं धाडस नाही म्हणून लिहितोय—हेही खरंच.

कुठून सुरू करू?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, तिथून करतो. बायको सोबत होती. डॉक्टरांनी कागदावर नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "घरात आणखी कुणाला बीपी आहे?" आणि माझ्या तोंडातून आलं, "नाही." क्षणाचाही वेळ न लागता. पाठ केल्यासारखं. बायको मधेच म्हणाली, "आवो, पल्लवीला न्हवतं का चढलं, बाळंतपणात." मी म्हणालो, "ते वेगळं." डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला. मी मात्र तिथंच राहिलो. कारण तो "नाही" मी आधी एकदा म्हणालो होतो. तसाच. तेवढ्याच पटकन.

थांबा. आधी पल्लवी कोण ते सांगायला हवं.

पल्लवी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादा पाटोद्याजवळच्या वस्तीवर राहतो, शेरडं-मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. मला दोन मुलगे, मुलगी नाही. ती जागा पल्लवीची. बारावी झाल्यावर ती पाटोद्यात शिवणक्लासला यायला लागली, आणि दुपारची भाकरी खायला माझ्या दुकानात. काउंटरच्या आत एक स्टूल आहे, त्यावर बसायची. गिऱ्हाइकं ऐकायची आणि ती गेली की त्यांच्या नकला करायची.

नकला करण्यासारखंच असतं ते. बीपीबद्दल माणसं कशी बोलतात, कधी ऐकलंत? "माझं वरचं वाढलंय, खालचं नारमल हाय." "मला बीपी न्हाई, नुसती गोळी चालू हाय." एक आजी यायची, ती म्हणायची, "मपलं बीपी सुनेच्या आवाजावर चालतं." आमच्याकडे बीपी म्हणजे राग. सरपंचाचं बीपी चढलं म्हणजे सरपंच ओरडले. आणि शिकलेला डॉक्टर 'हायपरटेन्शन' म्हणाला की माणूस घरी येऊन सांगतो, टेन्शन घेऊ नको म्हणलेत. मग टेन्शन घेत नाही, आणि गोळीही घेत नाही.

मी त्यांना समजावायचो. या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही, असं मला वाटायचं. म्हणायचो, विहिरीवरची मोटर बघितली का? मोटर पाणी ढकलते तेव्हा पाइपात जो जोर असतो, तो वरचा आकडा. दोनदा ढकलण्याच्या मधे पाइपात जो ताण उरतो, तो खालचा. ताण रोज जास्त राहिला तर पाइप लगेच फुटत नाही. दुखत नाही, आवाज नाही, काही नाही. आतून झिजत जातो. तुम्ही म्हणाल मला काही होत नाही—तेच तर वाईट आहे. लोक माना डोलवायचे. पल्लवी स्टुलावरून माझ्या आधीच वाक्य पुरं करायची, "तेच तर वाईट आहे."

आणि माझी एक खोड होती. खोड कसली, मला ती कला वाटायची. ज्याला बीपीची गोळी म्हटलं की लाज वाटते, त्याला मी तीच गोळी दुसऱ्या नावानं द्यायचो. एका पैलवानाला म्हणालो, ही दम टिकवायची. वर्षानुवर्षं घेतोय. एका बाईला म्हणालो, ही डोकं शांत ठेवायची. नाव काही का असेना, गोळी पोटात जाते ना? संध्याकाळी घरी येऊन मी हे फुशारकीनं सांगायचो.

तर—पल्लवीचं डोकं दुखायला लागलं. रोज, मागच्या बाजूनं. मला वाटलं शिवणामुळे, मान खाली घालून. एक दिवस दुपारी दुकान रिकामं होतं, ती म्हणाली, काका, माझं बघा की बीपी, बघू माझी सासू किती ओरडणाराय. चेष्टेतच बांधलं मी मशीन. आकडा बघून मला वाटलं मशीन बिघडलं. परत बांधलं. दुसऱ्या हाताला बांधलं. एकशे बहात्तर, एकशे दहा. बावीस वर्षांची पोरगी.

शेजारीच डॉक्टर बसायचे, पुढं ते गाव सोडून गेले. त्यांनी तपासलं, तपासण्या करून आणायला लावल्या, आणि तिला बाहेर बसवून मला सांगितलं. एवढ्या लहान वयात आहे म्हणजे नीट सांभाळावं लागेल. गोळी रोज. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आणि एक लक्षात ठेवा—लग्न ठरलं की मला आणून दाखवा. दिवस राहायच्या आधी ही गोळी बदलावी लागते, दुसरी द्यावी लागते, आणि तेव्हा सारखं बघावं लागतं.

सगळं मराठीत सांगितलं त्यांनी. अवघड शब्द एकही नव्हता. मला सगळं कळलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण कळलं नाही म्हणायची सोय मला नाही.

आता तो आठवडा सांगतो. त्याच आठवड्यात धारूरकडचे पाहुणे पल्लवीला बघायला येणार होते. स्थळ मी आणलं होतं. मुलगा सरळ, निर्व्यसनी, माणसं कष्टाळू. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी, पण घरात भांडण नाही, तंटा नाही. महिनाभर मी सगळ्या भावकीत सांगत फिरलो होतो की पोरीला कसं सोन्यासारखं घर बघितलंय. आणि आता काय सांगू? पोरीला बीपी आहे? साहेबाला बीपी असलं तर मान असतो. साहेब आहेत, डोक्याला काम आहे. पोरीला बीपी म्हणजे रागीट आसंल, खोड आसंल, लेकरं व्हायची न्हाईत. दोन गावांत बातमी जाईल. आणि स्थळ आणणाऱ्याचं तोंड?

पोरीच्या भल्यासाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला माझं तोंड सांभाळायचं होतं.

दादाला सांगितलं, काही नाही, अशक्तपणा आहे, ताकदीच्या गोळ्या दिल्यात. दादा म्हणाला, "तू हायस म्हणून बरं हाय बाबा. आम्हाला काय कळतंय." मग मी एक काम केलं. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं घेतली, एकेक गोळी फोडून काढली, आणि ताकदीच्या गोळ्यांच्या प्लास्टिकच्या डबीत भरली. डबीवर लाल-पिवळं चित्र, हसणारं कुटुंब. दुकान बंद करायच्या आधी, गोळ्या मोजत, नीट. पल्लवीला म्हणालो, ही रोज एक. सासरी कुणाला नाव सांगायचं नाही. विचारलं तर ताकदीची. संपत आली की मला फोन कर, मी पाठवतो.

ती म्हणाली, "आन् डॉक्टर काय म्हणले?"

मी म्हणालो, "एवढंच म्हणले."

एवढंच. लग्न ठरलं की आणून दाखवा, हे मी सांगितलं नाही. दिवस राहायच्या आधी गोळी बदलायची, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तिच्या नवऱ्याला सांगितलं असतं, असं मला वाटलं. बायका नवऱ्याला सांगतात.

लग्न छान झालं. मी तिन्ही पंगतींत गोष्टी सांगितल्या.

सहा-सात महिने सगळं ठीक चाललं. दर महिन्याला कुणी ना कुणी धारूरकडे जायचं, मी त्यांच्याकडे डबी द्यायचो. मग दिवाळीच्या सुमारास बायकोनं सांगितलं, पल्लवीला दिवस गेलेत, तिसरा सरत आलाय. मी काउंटरवर पेढे वाटले. आणि पेढे वाटताना—खरं सांगतो—डॉक्टरांचं ते वाक्य मला आठवलं. शब्दन् शब्द. मी ठरवलं, रविवारी जाऊन सांगू. रविवारी दुकानात माल आला. पुढच्या रविवारी दुसरं काही. सांगायचं म्हणजे आधीचं सगळं सांगायचं, नाही का? की डबीत काय होतं. की मी काय लपवलं. तर रविवार जात राहिले.

मग तिचा फोन आला. ते लोक ऊसतोडीला निघाले होते. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते, वाहते. बाई नसली तर कोयता अर्धा. चौथा महिना म्हणजे थांबायचं कारण नाही, अशीच रीत आहे; तिची सासूही तशीच गेली होती, तिची आईही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिनं फोन केला, मागं माणसांचा, भांड्यांचा आवाज.

"काका, त्या गोळ्या ऱ्हायल्या वो घरी. आत्याबाईनं काढून ठेवल्या. म्हणल्या, सरकारी लाल गोळ्या चालू हायेत की ताकदीच्या, या आनखी कशाला. लई उष्ण पडत्याल पोटाला."

सासूचं काय चुकलं? मला सांगा. ताकदीच्या दोन दोन गोळ्या कशाला, हे कुणीही म्हणेल. तिला कुठं माहीत होतं डबीत काय आहे. आणि पल्लवीनं तिला का नाही सांगितलं—तर काकांना शब्द दिला होता म्हणून.

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी विचारलं, "डोकं दुखतंय का?" ती म्हणाली, न्हाई. मी म्हणालो, "चालतंय मग. आल्यावर बघू."

चालतंय मग. जो माणूस रोज दहा जणांना सांगतो की दुखत नाही तेच तर वाईट आहे, तो म्हणाला, दुखत नाही ना, चालतंय मग. तिनंही तेव्हा ते वाक्य पुरं केलं नाही. किती वर्षं स्टुलावर बसून पुरं करत होती. नाही केलं. काका म्हणतायत म्हणजे असेल. फोन ठेवला आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं.

आठव्या महिन्यात नवरा तिला घरी घेऊन आला. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं. कामानं सुजलंय म्हणाले. डोळ्यापुढं काजवे येतात म्हणाली, तर सासूनं झोपवून ठेवली, कामाला हात लावू दिला नाही. वाईट माणसं नाहीत ती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं बसली होती, नुसती बसली होती, आणि तिथंच आडवी झाली. झटके आले. जीपमध्ये सासूनं तिचं डोकं मांडीवर धरलं होतं, दातांत पदराचा बोळा कोंबून—जीभ चावू नये म्हणून. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दादाचा फोन आला तसा मी आणि दादा पाटोद्यातून निघालो. तीन तासांत दादा एकच वाक्य बोलला, "तू बोल डॉक्टरशी. मला कळत न्हाई."

पोचलो तेव्हा दुपार उलटली होती. व्हरांड्यात सासू जमिनीवर बसलेली, तिच्या पदराला रक्त. नवरा भिंतीला टेकून. आतून एक डॉक्टरीण बाहेर आल्या, तरुणच होत्या, चेहरा थकलेला. म्हणाल्या, फार चढलंय, झटके आटोक्यात आणतोय, बाळाचं काही सांगता येत नाही. मग विचारलं, "हिला गरोदरपणाच्या आधीपासून बीपी होतं का? काही गोळ्या चालू होत्या?"

सासू म्हणाली, "न्हाई वो. नुसत्या ताकदीच्या गोळ्या होत्या. काकांनी दिलेल्या. त्याबी म्या बंद केल्या."

"कसल्या ताकदीच्या? नाव काय?"

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासू, नवरा, दादा. दादाच्या चेहऱ्यावर काय होतं माहीत आहे? भरवसा. हा मेडिकलवर असतो, हा सांगेल.

मी म्हणालो, "व्हिटॅमिनच्या."

"आधी बीपी?"

"नाही. काही नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. त्यांनी का नाही लिहून घ्यावं? नीट कपड्यातला, मेडिकलमधला माणूस स्वच्छ मराठीत सांगत होता. त्या आत गेल्या. दार अजून हलत होतं. मी चार पावलं टाकून आत जाऊ शकत होतो, बाई, जरा थांबा, म्हणू शकत होतो. व्हरांड्यात कुणाला ऐकूही गेलं नसतं. चार पावलं. मी दादाला म्हणालो, बस, मी पाणी आणतो.

पाणी आणलं मी. बाटली आणली.

खरं सांगितलं असतं तर फरक पडला असता का? मला माहीत नाही. कदाचित त्यांनी तेच उपचार केले असते, तेच झालं असतं. गेली पाच वर्षं मी रोज औषधांच्या माणसांत असतो, आणि हा प्रश्न मी कुणालाही विचारलेला नाही. उत्तर माझ्या बाजूनं आलं तर मी त्याच्या आड जाऊन बसेन, आणि तिथं बसायचा मला हक्क नाही. पोरीचा जीव आत अडकला होता आणि मी माझं तोंड सांभाळत होतो—उत्तर काहीही येवो, हे तसंच राहतं.

बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. पल्लवी वाचली. अकराव्या दिवशी डोळे उघडून नीट बघायला लागली. उजवा हात मात्र गेला. म्हणजे हलतो, पण धरत नाही. सुई धरत नाही, घास धरत नाही. भाकरी ती आता डाव्या हातानं थापते, वैनी परातीला धरून बसते.

सासरचे तीन-चार वेळा आले. मग कमी झाले. मग तिकडून निरोप आला की पोरीनं सूज लपवली, अंगावर काढलं, लेकरू तिच्या हयगयीनं गेलं. नवरा वर्षभर येत होता बिचारा, दारात उभा राहायचा आणि परत जायचा. पुढं त्याचंही दुसरं जमवलं घरच्यांनी. तिची पेटी आणायला मीच गेलो होतो. ती डबी कोनाड्यात तशीच होती, हसणारं कुटुंब वर. मी ती इतर सामानात सरकवली, आणि वाटेत गोळ्या ओढ्याच्या पाण्यात ओतल्या. कुणी विचारलं नव्हतं. तरी ओतल्या.

एकदा दादा मेंढरं हाकता हाकता मला म्हणाला, "मपल्याच पोरीनं हयगय केली, मी पाव्हण्याला काय बोलू?" माझ्या समोर म्हणाला. मान खाली घालून. आणि मी—काय केलं असेल मी? मी मान हलवली. हो म्हणाल्यासारखी. एका वाक्यात मी त्याची मान वर करू शकलो असतो. पोरगी बापाच्या नजरेत परत उभी राहिली असती. मी मेंढरांकडे बघत राहिलो.

आणि पल्लवी? तिला गोळ्यांचं माहीत होतं. डबीत काय होतं हे माझ्याखेरीज तिलाच माहीत होतं. तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही. सासरी सगळं अंगावर आलं तेव्हा नाही, बाप बोलला तेव्हा नाही, वैनी रडली तेव्हा नाही. काकांनी सांगितलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही. एकदाच, मी तिच्याजवळ बसलो होतो, तिनं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "काका, मीच ती डबी हट्टानं घ्यायला पायजे होती, न्हाई का?"

तिला वाटतं, तिचं चुकलं. मी तिला म्हणालो, जाऊ दे, झालं ते झालं. काय मोठेपणा! क्षमा केल्यासारखं बोललो मी तिला.

पण व्हरांड्यातलं तिला माहीत नाही. तेव्हा ती आत होती, शुद्धीवर नव्हती. डॉक्टरांनी विचारलं आणि काका नाही म्हणाले, हे त्या दाराअलीकडच्या तिघांना ऐकू गेलं होतं, आणि त्या तिघांना वाटतं ते खरं होतं.

एवढंच आहे. बीपी म्हणजे काय, हे या तालुक्यात माझ्याइतकं सोपं करून कुणी सांगत नसेल. मोटर, पाइप, वरचा आकडा, खालचा आकडा. जिथं तो शब्द उच्चारायला हवा होता तिथं मी तो तीनदा गिळला—एकदा लाजेनं, एकदा आळसानं, एकदा भीतीनं. मी भित्रा माणूस आहे, आणि माझ्या भीतीची किंमत माझ्या पोरीनं दिली. याच्यापुढं मला पण नाही, परंतु नाही. तुमच्याकडून काही नको आहे. समजून घ्या असंही म्हणत नाही.

हे सगळं लिहून झालं आणि काल दुपारी मी बायकोला वाचून दाखवलं. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. स्वेटरपाशी हसली. पुढं हसली नाही. शेंगा सोलणं मात्र थांबवलं नाही, मी थांबलो की म्हणायची, "वाचा." संपल्यावर तिनं सालं गोळा केली, हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

मग म्हणाली, "पल्लवी अजून समद्यांला सांगत असती, काका येळेवर आले, डॉक्टरशी नीट बोलले, म्हणून मी वाचले."